तपासणी सुरू आहे

आमचे भावोजी कधी चुकत नाहीत. हे माझं मत नाही, त्यांचंच आहे, आणि लग्नाला चौदा वर्षं झाली तरी त्यांनी ते एकदाही बदललेलं नाही. चुकतात ती इतर माणसं. फॉर्म भरणारी, फॉर्म घेणारी, आणि ज्यांच्या नावाने फॉर्म भरला जातो तीसुद्धा. भावोजी फक्त कोण चुकलं ते दाखवून देतात, आणि डोळ्यांच्या दवाखान्याने त्यांना त्याच कामासाठी ठेवलंय.

मी त्याच दवाखान्यात तळमजल्यावर नोंदणीच्या खिडकीत बसते. माझ्या पाठीमागे काचेची खोली आहे, तिथे भावोजी आणि त्यांचं यंत्र. म्हणजे घरी मी त्यांची मेव्हणी आणि कामावर त्यांच्या कर्तबगारीची पहिली प्रेक्षक. ताईने निदान स्वतःच्या मर्जीने त्यांना पसंत केलं होतं. मला कुणी विचारलंही नाही.

त्यांचं काम सांगायला सोपं आहे. रुग्णाचं नाव, पत्ता, फोन नंबर, जे काही संगणकात येतं ते यादीत जाण्याआधी एका चाळणीतून जातं. ही चाळणी म्हणजे खुणांची एक लांब ओळ. तिला रेजेक्स म्हणतात, भावोजी 'पॅटर्न' म्हणतात, आणि बघणाऱ्याला वाटतं की कुणीतरी मूठभर कंस आणि तारे कागदावर भिरकावलेत. ती ओळ सांगते की फोन नंबरात आकडेच हवेत, नावात अक्षरंच हवीत. बसलं तर आत, नाही बसलं तर बाहेर. यावरून सगळा दवाखाना त्यांना चाळणीसाहेब म्हणतो. अर्थात पाठीमागे. समोर 'सर'.

पॅटर्न समजून घ्यायचा तर आधी माणूस समजून घ्यावा लागतो, कारण दोघांचा स्वभाव एकच. पहिली गोष्ट म्हणजे हाव. लग्नानंतर दुसऱ्याच दिवशी त्यांनी ताईच्या कपाटाचे चारही कप्पे आपल्या सामानाने भरले. ताई कुरकुरली तेव्हा एक कप्पा सोडला. रडली तेव्हा दुसरा. "आधी सगळं घ्यायचं," ते म्हणाले, "आणि अडलंच तर एकेक सोडत मागे यायचं. शास्त्रच आहे ते."

दुसरी गोष्ट म्हणजे मागे फिरणं. एका रविवारी आईची कात्री सापडेना. आई शिवणकाम करते, कात्रीशिवाय तिचं पान हलत नाही. भावोजी मदतीला आले. त्यांनी पहिला खण उघडला, मग दुसरा, मग तिसरा. तिसऱ्यात नाही म्हटल्यावर ते पुन्हा पहिल्या खणाकडे गेले.

"तो बघितलात की मघाशी," मी म्हटलं.

"मघाशी दुसरा खण बंद होता. आता उघडा आहे. परिस्थिती बदलली."

पहिला उघडा, दुसरा बंद, तिसरा उघडा. पहिला बंद, दुसरा उघडा, तिसरा उघडा. असं येरे माझ्या मागल्या त्यांनी पाऊण तास केलं. कात्री आईच्याच गळ्यातल्या फितीला लटकत होती. "मग आधी सांगायचं नाही का?" म्हणून तेच तिच्यावर रागावले. आई म्हणाली, "जावईबापू, तुम्ही इतकं मन लावून शोधत होता, मला मोडवेना."

तर अशा माणसाने अकरा महिन्यांपूर्वी दवाखान्याची नवी नोंदणी बसवली.

आधीची चाळणी परदेशी होती, तिला आपली अक्षरं म्हणजे कचरा वाटायचा. भावोजींनी ती टाकून दिली आणि नवा पॅटर्न लिहिला: कोणत्याही भाषेचं अक्षर चालेल. जगातल्या सगळ्या लिप्यांमधल्या प्रत्येक खुणेला एक क्रमांक देणारी एक मोठी यादी आहे, युनिकोड नावाची, तिच्या आधाराने. उदार विचार. पहिल्या दिवशी खिडकीवर रांग लागली आणि मी एकामागून एक नावं घालत गेले. नामंजूर. नामंजूर. नामंजूर. दुपारपर्यंत एकच गृहस्थ आत गेले, त्यांच्या नावात ना काना होता, ना मात्रा, ना वेलांटी. ते स्वतःच इतके चकित झाले की त्यांनी दोनदा विचारलं, "नक्की मीच का?"

भेद असा निघाला की त्या यादीत 'क' हे अक्षर आहे, पण त्याच्या पुढचा काना हे अक्षर नाही. ती नुसती 'खूण', आणि खुणांचा खाना वेगळा. भावोजींनी यादी वाचली होती, फक्त तो खाना सोडून. पण चूक त्यांची कशी असेल? "काना म्हणजे अक्षर नाही हे लोकांना माहीत नसतं," असं त्यांनी रांगेकडे बघून सांगितलं. रांगेतले लोक डोळ्यांत औषध घालून बसले होते, त्यांना सांगणारा कोण तेही दिसलं नाही.

संध्याकाळी त्यांनी खुणांचा खाना पॅटर्नमध्ये घातला आणि कान्यामात्रांसकट माणसं आत जायला लागली. पण त्या गोंधळात आम्ही खिडकीवाल्यांनी काही नावं हाताने दोन-दोनदा टाइप केली होती आणि त्यात दोन-चार चुकली होती. तेवढं पुरलं. दुसऱ्या दिवशी माझ्या काचेवर चकचकीत प्लास्टिकमधली सूचना चिकटली: 'नाव हाताने टाइप करू नये. रुग्णाने फोनवरून पाठवलेलं नाव जसंच्या तसं उचलून चिकटवावं. माणसाचा हात लागला की चूक आली.' नाचता येईना म्हणून अंगण वाकडं म्हणतात, इथे तर अंगणाला प्लास्टिकच चढवलं.

चार महिन्यांपूर्वी आईच्या उजव्या डोळ्यात फूल पडलं. डावा डोळा तिचा लहानपणीच गेलेला. उजव्याला कसलासा संसर्ग झाला, तो बरा झाला, पण बुबुळावर पांढरा डाग ठेवून गेला. आमच्याच दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी तपासलं आणि स्पष्ट सांगितलं: नेत्रदानातलं बुबुळ बसवलं तर हिला दिसेल. पण सहा-सात महिन्यांच्या आत. त्यानंतर डागावर बारीक रक्तवाहिन्या चढतात आणि नवं बुबुळ टिकेलच असं नाही.

आई शिवणाचं यंत्र हाताच्या सवयीने चालवू शकते. हूक, कडेची दुमड, बटणं हे सगळं तिच्या बोटांना पाठ आहे. अडतं ते एकाच ठिकाणी, सुईत दोरा ओवायला. म्हणून रोज सकाळी कामावर निघण्याआधी मी दहा सुया ओवून उशीवर टोचून ठेवते. दहा सुया संपल्या की आईचा दिवस संपतो. मग ती खुर्चीत बसून राहते आणि मी आल्यावर विचारते, "आज आला का गं माझा नंबर?"

बुबुळासाठी यादी असते, नोंदणीच्या तारखेप्रमाणे. आईचा फॉर्म भावोजींनी स्वतः भरला. "सासूबाईंच्या कामात खिडकीवाल्यांचा हात नको," असं ते माझ्यासमोर म्हणाले. ताईने कधीतरी घरच्या ग्रुपवर आईचं पूर्ण नाव पाठवलं होतं, तिथून उचललं, फॉर्मात चिकटवलं. आईच्या नावापुढे पडद्यावर शब्द आले: तपासणी सुरू आहे.

एक आठवड्याने तेच. एक महिन्याने तेच. मी विचारलं की भावोजी हसायचे. "नामंजूर म्हटलंय का? नाही ना? सुरू आहे म्हणजे सुरू आहे. जे नाकारले जातात त्यांनी काळजी करायची." हेच ते आईलाही सांगायचे, आणि आई आपली मान डोलवायची. जावयाच्या शब्दावर तिचा विश्वास होता. विश्वास ही तशी स्वस्त वस्तू नाही, पण तिने चार महिने रोज खर्च केली.

आता यंत्राबद्दल. रोज सकाळी सव्वानऊला भावोजी बुबुळांची ताजी यादी काढायचे. यंत्र सुरुवातीपासून एकेक नाव चाळणीतून घालायचं आणि मंजूर नावांची यादी बाराला वर शस्त्रक्रियेच्या मजल्यावर जायची. सुरुवातीला हे काम मिनिटभरात व्हायचं. मग पाच मिनिटं लागायला लागली, मग वीस, आणि आता यंत्र सव्वानऊला जे भोंग्यासारखं घूं करायला लागायचं ते साडेदहापर्यंत. तेवढा वेळ खिडकीवरच्या नव्या नोंदी ठप्प. चहावाल्या मावशी त्या वेळेला 'सरांची समाधी' म्हणायच्या आणि बरोब्बर तेव्हाच किटली घेऊन यायच्या. भावोजींचं म्हणणं, "यंत्र विचार करतंय." त्यांनी मोठं यंत्र मागितलं, ते आलंही. फरक एवढाच पडला की ते जास्त जोरात घूं करायला लागलं.

त्या मंगळवारीही समाधी लागली होती. मावशींनी कप भरता भरता सांगितलं की वर धावपळ आहे, पहाटे कुणाचं तरी नेत्रदान झालंय, दोन बुबुळं आलीत. दोन बुबुळं, म्हणजे यादीतली पहिली दोन माणसं. आणि आईचं आपलं सुरूच.

हाताला चाळा हवा म्हणून मी सरावाचा पडदा उघडला. तिथे चाळणी तीच, पण काहीही घातलं तरी कुठे नोंद होत नाही, नव्या मुलींना शिकवायला तो ठेवलाय. मी आईचं पूर्ण नाव टाइप केलं. हाताने, सूचनेकडे बघत बघत. बटण दाबलं.

मंजूर. पापणी लवायच्या आत.

मी पुन्हा टाइप केलं. मंजूर. मग आईचा खरा फॉर्म उघडला, तिथलं नाव उचललं आणि सरावाच्या पडद्यावर चिकटवलं. बटण दाबताच माझाही संगणक घूं करायला लागला. दोन नावं, एकाखाली एक, तीच अक्षरं, तेच कानेमात्रे. पहिलं क्षणात पास आणि दुसरं नुसतं घुमतंय.

मी काचेवर इतक्या जोरात थाप मारली की मावशींच्या हातातली किटली हलली. भावोजी बाहेर आले, त्यांनी दोन्ही नावं बघितली आणि म्हणाले, "अशक्य आहे." मग खुर्ची ओढून बसले. त्यांनी दोन्ही नावांतल्या खुणा यंत्राकडूनच मोजून घेतल्या. मी टाइप केलेल्या नावात छत्तीस. त्यांनी चिकटवलेल्या नावात सदतीस.

सदतिसावी कुठे आहे ते डोळ्यांना दिसत नव्हतं, कारण ती दिसण्यासाठी बनलेलीच नाही. त्या युनिकोडच्या यादीत अशाही काही खुणा आहेत ज्यांना ना रूप ना रुंदी. शेजारची अक्षरं जोडून दाखव की सुटी दाखव, एवढंच त्या संगणकाच्या कानात सांगतात. तसली एक, या फोनवरून त्या फोनवर फिरताना, आईच्या नावाच्या शेपटाला चिकटली होती. ताईने पाठवलं, भावोजींनी उचललं, जसंच्या तसं. काखेत कळसा आणि चार महिने गावाला वळसा.

"पण मग नामंजूर का नाही म्हणालं?" मी विचारलं. "नको असलेली खूण आहे तर सरळ बाहेर काढायचं."

भावोजींनी मेजावरचा कागद ओढला, त्यावर एक लांब पट्टी काढली. त्यांचा आवाज इतका बारीक झालेला मी कधी ऐकला नव्हता. पॅटर्न म्हणतो: अक्षरांचा एक गट, असे हवे तितके गट, आणि मग नावाचा शेवट. गट केवढा असावा ते सांगितलेलं नाही. यंत्र आधी हावऱ्यासारखं सगळी अक्षरं एका गटात घेतं. पुढे शेवट असायला हवा, तिथे ती अदृश्य खूण बसलेली. बसत नाही. मग ते मागे फिरतं, एक अक्षर सोडतं, त्याचा वेगळा गट करून बघतं. पुन्हा तीच खूण. पुन्हा मागे. कापडाची पट्टी तेवढीच, पण प्रत्येक अक्षरानंतर कात्री लावायची की नाही, असे दोन पर्याय, आणि दर अक्षरामागे प्रकार दुप्पट. लहान नाव असेल तर सगळे प्रकार चटकन संपतात आणि नामंजूर येतं, मग माणूस तक्रार करतो, आपण नाव दुरुस्त करतो. पण आईच्या एवढ्या लांब नावाचे प्रकार होतात साडेआठशे कोटींच्या वर.

"सगळे खण," मी म्हटलं.

"काय?"

"पहिला बंद, दुसरा उघडा. कात्री गळ्यात."

एरवी अशा वेळी ते वादाच्या सुरुवातीला परत जातात आणि पहिल्यापासून मुद्दे मांडत येतात. त्या दिवशी नुसते कागदाकडे बघत राहिले.

"आणि ते 'तपासणी सुरू आहे'?"

"दोन मिनिटांत उत्तर आलं नाही तर नाव बाजूला ठेवून पुढे जा, असं मीच सांगून ठेवलं होतं," ते म्हणाले. "बाजूला ठेवलेल्यांना काहीतरी नाव द्यायला हवं म्हणून..."

म्हणून तपासणी सुरू. ना हो, ना नाही. नाकारलेला माणूस निदान भांडायला तरी येतो. ही माणसं घरी बसून नंबराची वाट बघत होती, कारण पडदा त्यांना तसं सांगत होता. आणि दर महिन्याच्या बैठकीत भावोजी तक्ता दाखवायचे, नकार किती कमी झाले त्याचा.

त्यांनी बाजूला ठेवलेल्यांची यादी उघडली. अडतीस नावं. प्रत्येकी दोन मिनिटं, सव्वानऊ ते साडेदहा, हिशोब तंतोतंत. रोज सकाळी आम्ही चहा पीत ऐकायचो तो घूं म्हणजे हीच अडतीस माणसं होती. लांब नावाची आणि गरीब स्वभावाची. सगळ्यात वरचा माणूस पहिल्याच आठवड्यातला, घड्याळं दुरुस्त करणारा, अकरा महिने तपासणी सुरू.

तेव्हा अकराला दहा मिनिटं होती. बाराला यादी वर जाणार होती.

इथून पुढचं सांगताना मला माझाच राग येतो, पण सांगते. मी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं आणि म्हटलं, "भावोजी, आईचं नाव मी हाताने टाइप करते. आत्ता. तारीख तिची चार महिन्यांपूर्वीची आहे, मंजूर झालेल्यांत ती पहिलीच येईल. बाकीच्यांचं उद्या बघा."

"उद्या ही दोन बुबुळं राहणार नाहीत."

"म्हणूनच म्हणते."

"या अडतीसमधले पाच जण आईंच्या आधीचे आहेत."

"ते अकरा महिने थांबलेत, अजून एक आठवडा थांबतील! आईला डॉक्टरांनी मुदत दिलीय. तुमच्यामुळे तिचे चार महिने गेले, तुमच्या त्या... शेपटामुळे! एक नाव टाइप करायचंय फक्त. कुणाला कळणार आहे?"

मी खरंच हात कीबोर्डवर ठेवला होता. आईच्या नावाची पहिली दोन अक्षरं टाइपही झाली होती. भावोजींनी माझ्या हाताखालून कीबोर्ड काढून घेतला, अगदी हळू, आपल्या मांडीवर ठेवला आणि म्हणाले, "नाही."

एवढंच. चौदा वर्षांत हा माणूस एक वाक्य बोलून थांबलेला मी पहिल्यांदाच बघितला. मी त्यांना काय काय बोलले ते इथे लिहीत नाही, त्यातलं बरंचसं मावशींनी ऐकलंय. ते ऐकत होते आणि टाइप करत होते. पॅटर्नमध्ये त्यांनी दोनच गोष्टी केल्या. नाव चाळणीत जाण्याआधी त्याच्या शेपटाला अदृश्य काही असलं तर छाटायचं. आणि एकदा घेतलेला गट परत सोडायचा नाही; बसलं तर बसलं, नाही तर सरळ नाही म्हणायचं. पॅटर्नला असं बजावून सांगता येतं. तेही त्यांना आधीपासून माहीत होतं, फक्त गरज वाटली नव्हती.

साडेअकराला त्यांनी पुन्हा यादी काढली. यंत्राने आवाजही केला नाही. अडतीस नावं पापणी लवेपर्यंत आत गेली. मावशी दारात येऊन विचारून गेल्या, "वीज गेली का?"

आईचा नंबर सहावा आला. बाराला यादी वर गेली. पहिलं बुबुळ घड्याळवाल्याला, दुसरं एका शाळेच्या शिपाईणबाईंना.

संध्याकाळी भावोजी घरी आले, ताईला न घेता. आई खुर्चीत बसली होती, सुया केव्हाच संपल्या होत्या. ते तिच्यासमोर स्टुलावर बसले आणि त्यांनी सगळं सांगितलं. नमनाला घडाभर तेल न घालता, सुरुवातीपासून शेवटापर्यंत, मध्ये एकदाही मागे न फिरता. अदृश्य खूण, गट, दोन मिनिटं, अडतीस माणसं. "चूक माझी होती, आई," ते म्हणाले. मी दाराला टेकून उभी होते. मला वाटलं आपण ऐकण्यात चुकलो.

आई म्हणाली, "आज फक्त माझं नाव घालता आलं असतं का?"

"आलं असतं."

"मग कुणी सुचवलं नाही?"

कोण चुकलं हे दाखवून देण्यात ज्याचं आयुष्य गेलं तो माणूस माझ्याकडे न बघता म्हणाला, "मलाच वाटलं होतं क्षणभर. पण नाही केलं."

"बरं केलंत," आई म्हणाली. "अकरा महिने घड्याळं न दिसता काढलेत त्या माणसाने. त्याच्या पुढे मी कशी जाणार?" आणि मग तिचा आवाज चढला, कितीतरी दिवसांनी. "पण मला राग आलाय, जावईबापू. यादीचा नाही, तुमचा. चार महिने मी विचारत होते. तुमच्या सासूचं नाव एकदा, एकदा स्वतःच्या हाताने लिहून बघावंसं नाही वाटलं तुम्हाला?"

भावोजी चहा न घेता गेले. मी आईला खरं सांगायला तोंड उघडलं आणि पुन्हा मिटलं. अजून मिटलेलंच आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला दारावर थाप पडली. भावोजी. आत आले, चप्पल काढली, आईच्या मेजाशी बसले आणि सुयांची उशी पुढे ओढली. "आजपासून मी ओवणार," असं त्यांनी मला सांगितलं, जणू तशी सूचनाच काढली होती.

त्यांना जवळचं दिसत नाही, चष्मा त्यांनी घरी ठेवलेला. दोरा ओला केला, नेम धरला, हुकला. मागे घेतला, पुन्हा नेम, पुन्हा हुकला. ती सुई ठेवली, दुसरी घेतली. हुकला. पुन्हा पहिली सुई. मी चहाचा कप हातात घेऊन बघत होते आणि काहीही मदत करत नव्हते, कारण माणसाला असा आनंद रोज मिळत नाही. दहा मिनिटं झाली तरी एकही सुई ओवलेली नव्हती.

आईला दिसत काहीच नव्हतं, पण ऐकू सगळं येत होतं. तिने गळ्यातली कात्री काढून त्यांच्यापुढे धरली.

"टोक पिंजलंय दोऱ्याचं. तेवढं छाटा. सुई तीच ठेवा."

त्यांनी टोक छाटलं. दोरा एका झटक्यात गेला.

तेव्हापासून रोज सकाळी ते येतात. आता आईचा नंबर चौथा आहे, महिना सहावा चालू आहे, आणि डॉक्टरीणबाई अजून नाही म्हणालेल्या नाहीत. पण त्या पहिल्या सकाळी, पहिली सुई उशीवर टोचून झाल्यावर, भावोजींनी सवयीने मान वर केली, कुणीतरी शाबासकी देईल म्हणून.

"नऊ राहिल्या," आई म्हणाली.